बारा इंची डॉब्सोनियन: आयपीस नंतर घ्या, आधी पेटी सुधारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही नाशिकचे, मुंबईतल्या एका हौशी निरीक्षकाकडून बारा इंची, एफ/५ ची (नाभीय अंतर आरशाच्या व्यासाच्या पाचपट) जुनी डॉब्सोनियन, म्हणजे लाकडी पेटीत बसवून हाताने ढकलायची आरशाची दुर्बीण, घेतलीत. २०० पट वर्धन केलं की गुरू पिठल्यासारखा दिसतो (शब्द तुमचाच, चपखल आहे). हाताने ढकललं की नळी आधी अडते, मग एकदम उडी मारते. दोन इंची आयपीस (डोळा लावायचं भिंग) लावलं की तोंड खाली टाकते. पावसाळ्यात पेटीचा तळ फुगलाय. आणि आता महागातलं आयपीस घ्यावं की मोटर बसवावी, असं विचारलंय.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. दोन्ही नको, निदान या हिवाळ्यात नको. तुमचा आरसा ३०५ मिलिमीटरचा आहे. अंधारात पूर्ण उघडलेल्या ७ मिलिमीटरच्या बाहुलीपेक्षा तो सुमारे १९०० पट प्रकाश गोळा करतो. हवा साथ देईल तेव्हा ०.४ विकलांच्या (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) आसपासचे जोडतारेही तो सुटे करू शकतो. यातलं काही तुमच्यापर्यंत पोचत नसेल, तर त्याचा दोष आयपीसकडे शंभरात पाच वेळाही नसतो, असं मी गेली चौदा वर्षं लोकांच्या दुर्बिणी उघडून बघताना पाहत आलोय. दोष असतो गरम आरशात, वाकड्या कॉलिमेशनमध्ये (दोन्ही आरसे आणि आयपीस एका रेषेत जुळवणं) आणि लाकडी पेटीत. पहिल्या दोघांना खर्च जवळजवळ नाही, तिसऱ्याला एक बरा सुतार लागतो.

पिठल्यापासून सुरुवात करू. दुर्बीण घरातून बाहेर काढल्यावर किती वेळाने गुरू बघता, हे तुम्ही लिहिलं नाहीत. मला वाटतं लगेच. डिसेंबरात तुमच्या खोलीत २४-२५ अंश असतात आणि गच्चीवर दहा वाजेपर्यंत १२-१३. निफाडच्या बाजूला शेतावर गेलात तर त्याहून खाली. एवढी जाड काच ते तापमान गाठायला दीड-दोन तास घेते, आणि तोवर तिच्या पृष्ठभागावर ऊन हवेचा एक पातळ थर चिकटून राहतो. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावरून पलीकडची गाडी थरथरताना दिसते ना, तेच तुमच्या नळीच्या आत चाललेलं असतं. खात्री करायची तर एखादा तेजस्वी तारा फोकसच्या बाहेर न्या. प्रकाशाच्या चकतीत धुरासारखे लोट संथपणे एका बाजूला सरकताना दिसले, तर तो आकाशाचा दोष नाही, तुमच्या आरशाची ऊब आहे. वातावरणाची खळबळ वेगळी दिसते: ती चकतीभर भरभर वाहते, नदीच्या तळाशी पडलेल्या उन्हासारखी.

उपाय म्हणजे संगणकातला १२ व्होल्टचा, १२० मिलिमीटरचा पंखा. नळीच्या मागच्या बाजूला, आरशाच्या पाठीवर हवा मारेल असा बसवा. स्क्रूने घट्ट आवळू नका. पंख्याची थरथर सगळी आरशात उतरते आणि २०० पटीला ताऱ्याचा ठिपका लांबट होतो. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या चार पट्ट्या कापा आणि पंखा त्यांवर चारी कोपऱ्यांनी लटकता ठेवा. निरीक्षण करताना मी तो ८-९ व्होल्टवर मंद चालू ठेवतो. शिवाय सूर्य मावळायच्या सुमारास दुर्बीण बाहेर सावलीत काढून ठेवायची सवय लावा. या एवढ्याने निम्मं पिठलं निवळेल.

उरलेलं निम्मं कॉलिमेशनमध्ये असतं. एफ/५ च्या पॅराबोलिक आरशाचा जो अगदी मधला, कोमाविरहित (जिथे ताऱ्याला शेपूट फुटत नाही असा) भाग असतो, त्याचा व्यास फोकसपाशी जेमतेम पावणेतीन मिलिमीटर भरतो. एफ/८ ला तोच अकरा मिलिमीटरच्या वर जातो, कारण तो एफ-गुणोत्तराच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे लहान, लांब दुर्बिणीला चालून जाणारी चूक तुमच्या दुर्बिणीला चालत नाही. दरवेळी दुर्बीण हलवली की कॉलिमेशन तपासायचंच. सवय झाली की तीन मिनिटांचं काम आहे.

क्रम महत्त्वाचा. आधी दुय्यम आरसा (नळीच्या तोंडाजवळचा लहान, तिरपा) फोकसरच्या, म्हणजे आयपीस बसवायच्या नळकांड्याच्या, बरोबर समोर, गोल दिसेल असा आणायचा. त्यासाठी काही विकत घ्यायला नको. फोकसरच्या प्लास्टिकच्या टोपणाला मधोमध २ मिलिमीटरचं भोक पाडा आणि त्यातून बघा. मग दुय्यमाचे तीन स्क्रू फिरवून मुख्य आरशाच्या मध्यावरची खूण दृष्टीच्या मध्यावर आणा. शेवटी मागचे तीन स्क्रू फिरवून मुख्य आरसा. त्यासाठी चेशायर आयपीस (भिंग नसलेली, कॉलिमेशन तपासायची नळी) घ्या, त्यात चकचकीत कड्याच्या आत ती खूण मधोमध बसली की झालं. दुय्यमाची काळी सावली प्रतिबिंबात किंचित मुख्य आरशाच्या बाजूला सरकलेली दिसेल. एफ/५ ला ती तशीच दिसायला हवी. ती मध्यावर आणायच्या नादात चांगलं बसलेलं कॉलिमेशन बिघडवलेले मी कितीतरी पाहिलेत.

तुमच्याकडे दुर्बिणीबरोबर लेझर आलाय म्हणता. त्याच्यावर विश्वास ठेवण्याआधी एका फळीवर दोन दोन खिळे फुलीसारखे तिरपे ठोकून दोन खाचा करा, त्यात लेझर आडवा ठेवा, पाच मीटरवरच्या भिंतीवर ठिपका पाडा आणि लेझर स्वतःभोवती फिरवा. ठिपका जागचा हलला नाही तर उत्तम. वर्तुळ काढायला लागला तर लेझरच वाकडा आहे. माझा पहिला लेझर भिंतीवर बशीएवढं वर्तुळ काढत होता, आणि मी दोन हिवाळे त्याच्याच भरवशावर "अचूक" कॉलिमेशन करून नाशिकच्या नाही, पण पुण्याच्या हवेला शिव्या देत बसलो होतो.

आणखी एक, हे मात्र जिवावरचं आहे. दुय्यमाचे स्क्रू फिरवताना नळी आडवी ठेवा. कायम. मी एकदा आळस केला, नळी उभीच होती, आणि २ मिलिमीटरची ॲलन की बोटांतून निसटली. ती खाली जाताना नळीच्या कडेला एकदा लागल्याचा आवाज आला, मग एक क्षण काहीच नाही, मग "टक्". आरशाच्या कडेपासून दोन बोटं आत तांदळाच्या कणीएवढा टवका आजही आहे. प्रतिमेवर त्याचा काडीचाही परिणाम होत नाही, पण दर वेळी टोपण काढलं की नजर आधी तिथेच जाते. तेव्हापासून माझ्या ॲलन कीला दोरा बांधलेला असतो आणि दोऱ्याचं दुसरं टोक मनगटाला.

शेवटची तपासणी ताऱ्यावर. ध्रुवतारा हलत नाही म्हणून सोयीचा, पण नाशिकहून तो जेमतेम २० अंशांवर, जाड आणि बहुधा धुळकट हवेत. सुरुवात त्याच्यावर करा, शेवटचा हात वर असलेल्या एखाद्या ताऱ्यावर फिरवा. वर्धन चांगलं २५०-३०० पट न्या, तारा किंचित फोकसबाहेर काढा, कडी समकेंद्री दिसतात का पाहा. कडी गोल न दिसता तिकोनी दिसली तर आरसा आवळला गेलाय. आरशाच्या कडेला ज्या तीन पट्ट्या असतात त्या सोडवा. पट्टी आणि काच यांमध्ये साधा कागद अलगद सरकला पाहिजे. पट्ट्या आरसा पडू नये म्हणून असतात, दाबून धरायला नाहीत. विकणाऱ्याने प्रवासासाठी त्या आवळल्या असतील आणि सैल करायला विसरला असेल, तर नवल नाही. मागच्या स्प्रिंगा बोटाने सहज दबत असतील तर त्याही बदला. हार्डवेअरच्या दुकानात त्याच मापाच्या दुप्पट ताठ स्प्रिंगा मिळतात, मग नळी वर-खाली केल्यावर कॉलिमेशन सरकत नाही.

आता उडी मारणारी नळी. हा या दुर्बिणीचा गाभा आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो. जॉन डॉब्सन १९४४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठात रामकृष्ण संघात संन्यासी म्हणून दाखल झाला, संघात राहून लपूनछपून आरसे घासत राहिला आणि १९६७ मध्ये त्याला मठ सोडावा लागला. पुढच्याच वर्षी त्याच्याभोवती रस्त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांना आकाश दाखवणाऱ्यांचा गट उभा राहिला. जहाजाच्या खिडकीची जाड काच, पुठ्ठ्याची नळी, प्लायची पेटी. त्याची खरी करामत आरशात नाही, घर्षणात आहे. बॉल बेअरिंग त्याने मुद्दाम टाळलं. बेअरिंगवर नळी वाऱ्याने हलते. टेफ्लॉनवर ती बोटाने हलते आणि बोट काढलं की तिथेच थांबते. हलायला आणि हलत राहायला लागणारा जोर जवळजवळ सारखा असला की उडी नसते. कारखान्यातून येणाऱ्या बऱ्याच पेट्यांत मात्र गुळगुळीत मेलामाइनवर नायलॉनचे तुकडे ठोकलेले असतात. तिथेच तुमची उडी आहे.

काम असं करा. पेटीचा खालचा पृष्ठभाग आणि तळाची चकती यांच्यामध्ये खडबडीत, दाणेदार पोताचा सनमायका चिकटवा. चकचकीत नको, गुळगुळीतावर टेफ्लॉन उलट जास्त चिकटतं. खाली तळावर टेफ्लॉनचे तीन चौकोन, १२० अंशांवर, आणि प्रत्येक चौकोन बरोबर खालच्या पायाच्या डोक्यावर. पाय एकीकडे आणि चौकोन दुसरीकडे असला की मधली फळी लवते, आणि गुरू ढकलला की रबरासारखा मागे येतो. चौकोन केवढा? दर चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलो भार पडावा, हे माप चांगलं चालतं. नळी आणि पेटी मिळून ३५ किलो धरली तर प्रत्येक तुकड्यावर बारा किलोच्या आसपास, म्हणजे साडेतीन सेंटीमीटरचा चौकोन. लोक मोठे तुकडे लावतात, मोठा म्हणजे मऊ असं वाटून. पण भार पसरला की हालचाल चिकटल्यासारखी होते. टेफ्लॉनची पाच-सहा मिलिमीटरची शीट इंजिनिअरिंग प्लास्टिकच्या दुकानात कापून मिळते, सातपूर-अंबडला विचारा. तुकडे नुसते चिकटवून भागत नाही, टेफ्लॉनला गोंद धरत नाही. छोटे खिळे किंवा स्क्रू मारून त्यांची डोकी चांगली खोल बसवा, नाहीतर सनमायक्यावर गोल रेघोट्या पडतील.

एवढं करूनही आडवी फिरवताना जड वाटली तर मधल्या बोल्टभोवती श्रीखंडाच्या डब्याच्या झाकणातून कापलेल्या चकत्या एकेक करून घाला. प्रत्येक चकती बाहेरच्या तुकड्यांवरचा थोडा भार मध्यावर घेते. दोन घातल्यावर हात हलका लागतो, पाच घातल्या की दुर्बीण मध्यावर डुगडुगायला लागते. तुमची संख्या तुम्हालाच सापडेल. वर्षातून एकदा सनमायक्यावर गाडीचं मेण चोळा.

याची परीक्षा सोपी आहे. २०० पटीला गुरू दृष्टिक्षेत्राच्या एका कडेला ठेवा आणि एका बोटाने मध्यावर आणा. तो तिथे थांबला, पुढे गेला नाही, मागे आला नाही, तर तुमचं काम झालं.

नाशिककरांना यात एक जास्तीची अडचण आहे, जी परदेशी सल्ल्यांत सापडत नाही. कर्केतला पुष्याचा गुच्छ, एम ४४, तुमच्या अगदी डोक्यावरून जातो. स्वातीसुद्धा जवळजवळ तिथूनच. डॉब्सोनियनला नेमकं डोक्यावरचं आकाश नावडतं. तिथे वस्तू किंचित सरकली तरी पेटी खूप फिरवावी लागते, आणि ढकलायला दांडा हाताशी नसतो. यावर माझं औषध म्हणजे वाट बघणं. तासाभरात ती वस्तू माथ्यावरून १४ अंश खाली येते, तोवर दुसरं काहीतरी बघा. दक्षिणेला नरतुरंगातला ओमेगा गुच्छ तुमच्याकडून २२ अंशांवर येतो, उत्तर युरोपातल्या माणसाला तो जन्मात घरून दिसत नाही.

तोंड टाकण्याचं म्हणाल तर पुढच्या टोकाला लावलेल्या अर्ध्या किलोला मागे थोडंसं उत्तर द्यायचंय, एवढंच. तुमची नळी पत्र्याची आहे, तेव्हा लोहचुंबक चालेल. जुन्या बाजारातून दोन मोठ्या स्पीकरची चुंबकं आणा, वर कापड शिवून घ्या म्हणजे रंग खरवडत नाही, आणि आरशाच्या बाजूला लागेल तिथे सरकवा. आयपीस काढताना मात्र दुसरा हात नळीवर ठेवा, नाहीतर तोंड वर उडतं आणि हनुवटीला लागतं. बाजूच्या स्प्रिंगा आवळून तोल साधू नका, तो तोल नसतो, नुसतं अडवणं असतं.

फुगलेल्या तळाबद्दल फार लिहीत नाही. पार्टिकल बोर्ड एकदा पाणी प्यायला की संपला, त्याला इलाज नाही. जुन्या फळ्या छापा म्हणून वापरून १८ मिलिमीटरच्या मरीन प्लायमध्ये नवी पेटी करून घ्या. कडा राहून जातात आणि पाणी तिथूनच शिरतं, तेव्हा सुताराला कडांना पॉलिशचे तीन हात द्यायला सांगा, समोर उभं राहून. नवी पेटी करताना बाजूच्या फळ्या आणि समोरची फळी यांचा सांधा स्क्रू आणि गोंद दोन्हीने करा. सगळी ताठरता त्या समोरच्या फळीत असते. उचलायला दोन मुठी आत्ताच बसवून घ्या.

पावसाळ्यात दुर्बीण बंद ठेवायचीच आहे, पण ओलसर आरशावर टोपण लावून ठेवू नका. बुरशीला त्याहून आवडतं घर नाही. निरीक्षण संपल्यावर दव असेल तर घरात नळी आडवी, उघडी ठेवा, सकाळी पंखा अर्धा तास चालवा, मग टोपण आणि आत सिलिका जेलच्या पुरचुंड्या. आरसा धुवायचा तर दोन वर्षांतून एकदा: आधी नळाच्या संथ धारेने सुटी धूळ वाहून जाऊ द्या, मग भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकलेल्या पाण्यात कापूस बुडवून त्याच्या वजनाइतकाच फिरवा, शेवटी डिस्टिल्ड वॉटर आणि कडेवर उभा करून वाळवा. थोडी धूळ दिसली म्हणून पुसायला जाऊ नका. धुळीने आरसा खराब होत नाही, पुसण्याने होतो. थंडीत पहाटे दुय्यम आरशावर दव धरत असेल तर त्याच्या पाठीला ४७० ओहमचे, अर्ध्या वॅटचे सहा रेझिस्टर समांतर जोडून चिकटवा. १२ व्होल्टवर जेमतेम १.८ वॅट ऊब मिळते आणि तेवढी पुरते.

मोटरऐवजी जे आधी करावं, ते फ्लेक्सवाल्याकडे होतं. पेटीच्या तळाच्या मापाचं ३६० अंशांचं वर्तुळ छापून घ्या, तळावर चिकटवा, पण किंचित फिरवता येईल असं. नळीवर सुतारकामाचा चुंबकी डिजिटल कोनमापक ठेवा. तळ स्पिरिट लेव्हलने सपाट करा. एरवी डॉब्सोनियनला त्याची गरज नसते, या युक्तीला असते. ओळखीच्या ताऱ्यावर नळी रोखून वर्तुळ त्याच्या दिगंशाशी (उत्तरेपासून क्षितिजावर मोजलेला कोन) जुळवा आणि मोबाइलवरच्या स्टेलॅरियम या आकाशाच्या ॲपमधून हव्या त्या दीर्घिकेचे दिगंश आणि उन्नतांश (क्षितिजापासूनची उंची) वाचून दुर्बीण तिथे न्या. ३० मिलिमीटरच्या आयपीसने ५० पट वर्धन आणि सव्वा-दीड अंशाचं क्षेत्र मिळतं, कोनमापकाची चूक त्यात सहज पोटात जाते. ओळीने दहा मेसिए वस्तू (मेसिएच्या यादीतले गुच्छ, तेजोमेघ, दीर्घिका) सापडल्या की मोटरची हौस निम्मी उतरते.

आणि खरंच ग्रह मागे मागे फिरवायचा कंटाळा आला, छायाचित्रं घ्यावीशी वाटली, तर मोटरच्या आधी विषुववृत्तीय फळीचा (अख्खी दुर्बीण वर ठेवून आकाशाबरोबर हळूहळू फिरवणाऱ्या फळीचा) विचार मनात येईल. तयार मिळणारी घेऊ नका. ती बहुतेक ३५ ते ४५ अक्षांशांसाठी केलेली असते. नाशिकला ध्रुव २० अंशांवर असल्याने फिरण्याचा अक्ष जवळजवळ आडवा पडतो, मग फळी दुर्बिणीला फिरवण्यापेक्षा कुशीवर कलवतेच जास्त. तुमच्या अक्षांशासाठी, दुर्बिणीचा गुरुत्वमध्य मोजून, मुद्दाम बनवावी लागते. तो गुरुत्वमध्य नव्या पेटीनंतर बदलणारच, तेव्हा ते गणित पेटी झाल्यावर करू.

तोवर एक करा: पंखा बसवल्यावर आणि कॉलिमेशन केल्यावर ध्रुवतारा फोकसच्या आत आणि बाहेर असे दोन फोटो मोबाइलने आयपीसमधून काढून पाठवा. पेटीला हात लावायच्या आधीचे.